चिमणीचे वार्षिक श्राद्ध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचे 'चिमणी शेवटच्या घटका मोजतेय' हे पान वाचले. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस उजाडला की हे पान येणार, हे आता आम्हाला पाठ आहे. जिवंत पक्ष्याचे श्राद्ध दरवर्षी इतक्या नेमाने घालणारे दुसरे कोणी नसेल. आरोपीही ठरलेला, मोबाइल टॉवर.

देशभरातल्या हजारो पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल निघाला. देशाचा एकूण विचार करता चिमण्यांची संख्या गेली पंचवीसेक वर्षे साधारण स्थिर आहे, असे त्यात म्हटले आहे. मुंबई, दिल्लीसारख्या महानगरांत ती घटली आहे, हेही म्हटले आहे. म्हणजे काळजी करावी, पण नेमकी कुठली ते पाहून. टॉवरबद्दल तर काय बोलावे? ब्रिटनमध्ये चिमण्या कमी होऊ लागल्या त्या १९७०च्या दशकाच्या अखेरीस. तिथे मोबाइल सेवा आली १९८५ साली!

तुम्ही म्हणाल, चिमणीबद्दल कळवळा वाटला तर बिघडले काय? बिघडले ते सांगतो. गेल्या वर्षीचे आपले पान आमच्या चेअरमनसाहेबांनी लॅमिनेट करून नोटीस बोर्डावर लावले. गच्चीवरचा टॉवर हटवण्याचा ठराव आला. खजिनदारांनी टॉवरच्या भाड्याचा आकडा वाचून दाखवताच तो बारगळला. मग मनाला टोचणी नको म्हणून वर्गणी काढून प्लायवूडची घरटी आणली आणि पश्चिमेच्या भिंतीवर, भर उन्हात टांगली. फोटो निघाले, पेढे वाटले. त्याच सुमारास इमारतीची डागडुजी निघाली. जिन्यातल्या मीटरच्या पेटीमागे, जुन्या पाइपांच्या भोकांत चिमण्या वर्षानुवर्षे नांदत होत्या. ठेकेदाराच्या माणसाने ती भोके एकेक करून सिमेंटने लिंपली. मी धावत गेलो, म्हटले, अहो, आत पिल्ले आहेत. चेअरमन म्हणाले, "काका, त्यांच्यासाठी नवीन घरटी लावलीत ना!" त्या घरट्यांत आजतागायत एक काडीसुद्धा गेलेली नाही. एकात गांधीलमाश्या आहेत.

भिंतीतली भोके, कुंपणाची झुडपे, पिल्लांना भरवायला अळ्या-किडे, एवढेच चिमणीला लागते. आवारभर पेव्हर ब्लॉक बसवल्यावर अळी येणार कुठून? पण यावर आपल्या पानात एक चौकटही नाही. टॉवरला शिव्या देणे सोपे, आपल्याच सोसायटीचे कोटेशन तपासणे अवघड.

आणि खरोखर नाहीसे होत होते त्यांचे काय? गिधाडे आपल्या डोळ्यांदेखत गेली. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर नव्वदच्या दशकापासून नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. कारण निघाले जनावरांना टोचायचे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. ते टोचलेले जनावर मेल्यावर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी व्हायची. जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली २००६ मध्ये. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातला माळढोक पक्षी आता दिसला तर बातमी होते, तोही विजेच्या तारांना धडकून मरतो. पण त्यांचा दिवस आपल्याकडे रंगीत पानावर साजरा होत नाही. गिधाड दिसायला गोजिरवाणे नाही, हा त्याचा दोष असावा.

कालच्या पानावरचा मोठा फोटोही चिमणीचा नव्हता, सुगरणीच्या मादीचा होता. मागे लोंबते घरटे स्पष्ट दिसत असूनही 'इवल्याशा चिऊताईची आर्त हाक' ही ओळ कुणी लिहिली, हे जाणून घ्यायला आवडेल.

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरे सोमवारच्या अंकात हल्ली सापडत नाहीत. त्या जागी बिल्डरची जाहिरात असते. जाहिरात हवी तर पान वाढवा, पण उत्तरे छापा.

कळावे,
आपला जुना वाचक, मिरज