चाळीस फळांचं झाड आणि आमचा शेंदऱ्या

महोदय,

अमेरिकेतले कलाकार सॅम व्हॅन एकन २००८ पासून एकाच झाडावर पीच, जर्दाळू, आलुबुखाराच्या चाळीस जाती कलमानं वाढवतात. बऱ्याच जाती बाजारातून गेलेल्या. हे वाचून धुऱ्यावरचा आमचा शेंदऱ्या आंबा आठवला. पाडाला आला की देठापाशी शेंदूर फासल्यासारखा दिसायचा. रसाला दुसरा आंबा आजीला चालतच नसे. शेजारी शेप्या होता, त्याला खरंच शेपूचा वास! (आम्हा पोरांना तो मुळीच आवडायचा नाही.) दोन्ही झाडं आरागिरणीत गेली.

वरुड-मोर्शीकडे जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करणारे हात गावोगावी आहेत. शाळेच्या आवारातल्या एखाद्या आंब्यावर त्यांनी उरलेल्या गावरान जाती चढवाव्यात. आमचा खोबऱ्या अजून उभा आहे, कलमासाठी काड्या मी देतो.

– एक शेतकरी, ता. मोर्शी, जि. अमरावती