शिळेवर आकडा आहे, नावं हवी आहेत

समस्त ग्रामस्थ, मुंबईकर मंडळी, माहेरवाशिणी आणि कामाधंद्यासाठी देशोदेशी गेलेले आपले सर्वजण, सप्रेम नमस्कार.

शाळेसमोर, पिंपळाच्या पाराला लागून जांभ्याच्या चौथऱ्यात बसवलेली पांढरी शिळा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पाहिली म्हणजे तिच्याशी दप्तरं टेकवून लंगडी खेळलो आहोत. वर इंग्रजी, खाली मराठी. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या मोठ्या लढाईला गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. दर १५ ऑगस्टला कोणीतरी प्रेमाने तिला ऑइल पेंटचा हात मारतो आणि अक्षरं सोनेरी रंगाने गिरवतो. इंग्रजी आकड्यांचा कोपरा कधीच उडाला आहे. मराठीतला मेलेल्यांचा आकडा गिरवून गिरवून असा झाला आहे की तो १ आहे की ९, यावरून गेल्या शिमग्यात पालखी सहाणेवर असतानाच दोन जाणत्या माणसांची जुंपली. हसू आलं खरं, पण आठ माणसं रंगाखाली गेली असतील तर ही हसण्यासारखी गोष्ट नाही.

त्याच सुमारास गावची एक लेक, जी इंग्लंडात नर्स आहे, तिने गावाच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. ती राहते त्या खेड्यातल्या चर्चच्या आवारातला. शेवाळलेल्या थडग्यांमध्ये एक दगडी क्रॉस आणि त्याच्या पायथ्याशी कोरलेली नावं. एकच आडनाव तीनदा. खाली तिने विचारलं होतं, "आपल्या शिळेवर नावं का नाहीत?" आमच्या समितीची सुरुवात या प्रश्नातून झाली.

शोध घेतल्यावर कळलं ते असं. १९१५ मध्ये ब्रिटिशांनी ठरवलं, की रणांगणावर पडलेल्याचा देह घरी आणायचा नाही, मग तो लॉर्डाचा मुलगा असो की कोळशाच्या खाणीतला कामगार. घरच्यांना थडगं मिळालं नाही, म्हणून तिथल्या गावांनी वर्गणी काढून क्रॉस आणि शिळा उभ्या केल्या आणि त्यावर आपापल्या मुलांची नावं घातली. पुष्कळ ठिकाणी ते चर्चच्या आवारातच, कारण गाव जमायची जागा ती. महायुद्धाच्या शताब्दीत तिथल्या वारसा खात्याने अशी २,५०० स्मारकं नव्याने संरक्षित यादीत घेतली. साध्या खेड्यातला दगडसुद्धा.

आपल्याकडची शिळा गावाने नव्हे, सरकारने बसवली. भरती झालेल्या कितीतरी गावांत ती एकाच साच्याची आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एकाच गावच्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली पोरं मराठा पलटणींत भरती झाली आणि त्यांतल्या बऱ्याच पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. तिथल्या कुत-अल-अमारा गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी घोडे खाऊन दिवस काढले, मग शरणागती आणि कैद. ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी इराकमधल्याच बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक झालं. त्याच्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावं आहेत. भारतीयांतली मात्र फक्त अधिकाऱ्यांची, शिपायांचा पलटणीमागे नुसता आकडा. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाची जाहीर माफी मागितली. तेव्हा गावात आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच.

मग नावं कुठे आहेत? तुमच्या घरात.

वरच्या वाडीतल्या एका आजींकडे दुधाच्या टोपावर झाकण म्हणून काशाची एक जड चकती होती, बशीएवढी. घासून घासून गुळगुळीत झालेली. एका बाजूला सिंह, हातात पानांचं कडं धरलेली बाई आणि चौकटीत इंग्रजीत एक नाव. लढाईत मेलेल्याच्या घरी सरकार अशी चकती पाठवत असे. तिच्यावर हुद्दा मुद्दाम घातलेला नसे, सुभेदार काय नि शिपाई काय, नुसतं नाव. ते नाव आजींच्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाचं निघालं. आम्हाला खात्रीने मिळालेलं हे पहिलं नाव.

म्हणून पहिली मागणी पैशांची नाही. माळ्यावरच्या ट्रंका उघडा. रुपयाहून मोठं चांदीचं पदक असेल तर त्याची कड बघा, तिथे नंबर, नाव आणि पलटण बारीक कोरलेली असते. पेन्शनचा कागद, डिस्चार्जचं पुस्तक, फोटो, काहीही चालेल. वस्तू तुमच्याकडेच राहील, आम्ही फक्त फोटो काढू. आयोगाच्या यादीत पुष्कळदा बापाचं आणि गावाचं नाव असतं, पण स्पेलिंग इतकं मोडलेलं की गावच्याच माणसाला ओळखू यावं. बौद्धवाडीतल्या मंडळींना खास विनंती. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. तिच्या आठवणी घरात असतील तर त्या याच दगडावर यायला हव्यात.

काहीजण म्हणतात, इंग्रजांची लढाई, इंग्रजांची पाटी, तिचं कौतुक कशाला? प्रश्न चुकीचा नाही. पण महिना ११ रुपयांसाठी बोटीत बसलेला पोरगा इंग्रज नव्हता, तो आपल्याच वाडीतला होता.

आता दगडाचं. ऑइल पेंटखाली ओल अडकते आणि दगड आतून भुगा होत जातो. त्याभोवती मारलेल्या सिमेंटनेही तेच होतं. जाणकारांकडून लेप लावून रंग काढायचा, मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने धुवायचं, सिमेंट काढून चुन्यात दरजा भरायच्या. ॲसिड नाही, तारेचा ब्रश नाही. एका दात्याने जुनी शिळा काढून चकचकीत ग्रॅनाइट बसवायची तयारी दाखवली होती. त्यांचे आभार मानून नकार दिला. जुन्या शिळेवर एक अक्षरही वाढवायचं नाही. नावं सापडतील तशी शेजारी जांभ्यातच बसवलेल्या दुसऱ्या दगडावर येतील.

खर्चाचा अंदाज ६५ हजार रुपये आहे, माजी सैनिकांनी आणि तरुण मंडळाने २२ हजार जमवले आहेत. वर्गणी ग्रामपंचायत कार्यालयात द्यावी, पावती घ्यावी, हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल. दात्यांची नावं मात्र दगडावर येणार नाहीत. गणपतीला याल तेव्हा ट्रंकेतल्या वस्तू घेऊन या. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत फोटो काढायची सोय केली आहे.

आणि येत्या १५ ऑगस्टला शिळेला रंग लावू नका. नुसती फुलं वाहा.

आपली,
ग्रामस्थ, माजी सैनिक व तरुण मंडळाची शिळा जतन समिती