गच्चीवरचा मोगरा वाचवणाऱ्यांचे आभार

होळीच्या आधी इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानात भेटलेल्या दादांचे आणि काकूंचे मनापासून आभार. मेमध्ये नागपूरचा पारा 45 च्या वर जातो, म्हणून मी सगळ्यात दाट हिरवी जाळी मागत होते. दादांनी आधी विचारलं, "खाली काय लावलंय ताई?" मोगरा म्हटल्यावर त्यांनी महागडी जाळी परत ठेवली आणि 50 टक्के सावलीची कापून दिली. दाट सावलीत मोगरा कळ्या धरत नाही. गळक्या नळाचा वायसरही त्यांनीच जुन्याशी जुळवून, मापून दिला.

काकूंनी तर फांदी कुठे छाटायची ते स्वतःच्या बोटावर दाखवलं: डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवा फुटवा येतो त्या जागेच्या जरा वर, तिरपी. किती मायेनं!

आज नवीन फुटव्यांवर सात कळ्या मोजल्या. तुमची नावं विचारायची राहिली. पहिली ओंजळ तुमचीच, दुकानात आणून देते.