आमच्या ग्रंथालयातल्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच पुढच्या वाचकाकडे वळता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

मी आडतीच्या दुकानातला दिवाणजी. आदिमानवापासून आजपर्यंतचा जगाचा इतिहास वाचायचाय, म्हणून तुमच्या टेबलापाशी आलो, तर तुम्ही पुस्तक दिलंच नाही. "आधी एक लांबलचक रजिस्टर आणा," म्हणालात. त्यात उभे रकाने आखायला लावलेत: भारत, चीन, पश्चिम आशिया, युरोप, आफ्रिका, अमेरिका. एक पान म्हणजे १०० वर्षं. हिशेब पहिल्याच दिवशी कोलमडला. इथिओपियात १९७४ साली सापडलेली 'ल्युसी', म्हणजे माणसाच्या पूर्वजांपैकी एकीचा सांगाडा, ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिच्यापासून सुरुवात करायची तर ३२,००० पानं हवीत! तुम्ही हसलात आणि शेतीच्या आधीचं सगळं पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहायला सांगितलंत. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदची ३ लाख वर्षांपूर्वीची माणसंही तिथेच दाटीवाटीने बसलीत.

खरी गंमत पान आडवं वाचण्यात. १३१७ च्या सुमारास देवगिरीच्या यादवांचं राज्य बुडालं, एवढं मला ठाऊक होतं. आफ्रिकेचा रकाना मात्र कोरा. "तिथे काही घडलं नाही असं नाही, तुम्ही वाचलं नाहीत," असं सुनावून तुम्ही पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा राजा मन्सा मूसा याच्याबद्दलचं पुस्तक हातात ठेवलंत. १३२४ मध्ये हजला जाताना त्याने कैरोत इतकं सोनं वाटलं की तिथे सोन्याचा भाव पडला. भावाचा विषय निघाल्यावर मी कसला पुस्तक सोडतोय!

सुप्याचं प्रकरण तर डोक्यातून जात नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. वह्या लिहून पोट भरणारा माणूस मी, अंगावर काटाच आला. तुम्ही बोट ठेवलंत ते त्याच पानावरच्या अमेरिकेच्या रकान्यावर. १८६१ ला तिथे यादवी पेटली, दक्षिणेतली बंदरं रोखली गेली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आपल्याकडचा भाव कडाडला. सावकार सढळ हाताने उचल देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, पुढे सरकारने शेतसारा वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. दंग्याला इतरही कारणं होती, हे तुम्हीच बजावलंत. तरी सुप्याच्या वहीची उधारी पार अमेरिकेपर्यंत जाते, हे तुमच्याशिवाय मला कोण दाखवणार होतं?

आता गाडी १९६० वर अडलीय. त्या एका वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले आणि रकाना जेमतेम दोन बोटांचा. जादा कागद चिकटवू की नवं रजिस्टर घालू, ते सांगा. आणि काँगोवरचं पुस्तक कुणी नेलं नसेल, तर शनिवारपर्यंत बाजूला काढून ठेवा.

आपला,
आडतीतला दिवाणजी