सुन्या, अप्पांचा व्हाइस खोलला

सोलापूर, रविवार

प्रिय सुन्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, मेव्हण्यांच्या तेराव्याला आलो नाही, आणि आज एकदम चार पानं लिहायला बसलोय. आधी फोनच करणार होतो. तीनदा नंबर लावला, तीनदा कापला. फोनवर तू मध्येच हसून "सोड रे" म्हणाला असतास आणि मीही सोडून दिलं असतं. ते व्हायला नको होतं.

तब्येत ठीक. साखर गोळीवर आहे, जिना चढताना गुडघा बोलतो. सुमन बरी आहे.

तर, अप्पांचा व्हाइस, काम पकडून धरायचा तो लोखंडी शिकंजा, खोलला.

भवानी पेठेतलं वर्कशॉप दिवाळीपर्यंत रिकामं करून द्यायचंय. मालकाच्या पोरांना खाली गाळे, वर फ्लॅट काढायचेत. त्यांचंही चुकत नाही, आपलं भाडं अजून अप्पांच्या काळातलंच चाललंय. लेथ मल्लूच्या शेडमध्ये जाईल, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत. ड्रिल मशीन विकलं. भंगारवाला आला, कोपऱ्यातल्या ताडपत्रीखालचं धूड बघून म्हणाला, "बीड आहे, ओतीव लोखंड, किलोला अठ्ठावीस." त्याला चहा पाजला आणि लावून दिला. अप्पा गेल्यापासून व्हाइसला कुणी हात लावला नव्हता. वर पत्रा गळत होता, स्क्रू जाम, खटका जाम, मागच्या जबड्यावर बोटभर गंजाचे पापुद्रे. मल्लू नि मी दोघांनी मिळून उचलला तेव्हा कंबर म्हणाली, आठ इंची जबड्याचा आहे, लक्षात ठेव.

आधी आठ दिवस रॉकेल आणि ऑइल पाजलं. मग मल्लूच्या पोरानं मोबाइलवर बघून सांगितलं तसं मागच्या अंगणात प्लॅस्टिकच्या पिंपात घातला. चार लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं निगेटिव्ह व्हाइसला, पॉझिटिव्ह कडेनं लावलेल्या जुन्या लोखंडी पट्ट्यांना. पट्ट्यांच्या जागी स्टीलची भांडी वापरायची नाहीत, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. रात्रभर बारीक बुडबुडे येत राहिले. सकाळी गंजाचा काळा चिखल झाला होता, ब्रशनं नुसता पुसला तरी निघत होता. सुमन ओरडली, पाणी चार दिवसांआड येतं आणि हे लोखंड न्हाऊ घालतायत. तेच पाणी पुन्हा वापरता येतं म्हटल्यावर गप्प झाली.

आणि सुन्या, बाजूवरची अक्षरं वर आली. 'पार्किन्सन', खाली 'पर्फेक्ट', त्याखाली 'शिपली'. इतकी वर्षं आपण नुसतं 'इंग्लिश व्हाइस' म्हणत होतो. शिपली हे यॉर्कशरमधलं गाव, तिथं हे ओतले जायचे. तिथून गिरणीच्या फिटिंग खात्यात आणि गिरणीच्या लिलावातून अप्पांकडे, एवढाच त्याचा प्रवास आपल्याला माहीत. अप्पा सांगायचे, भोंगा झाला की पहिला हात ह्याच्यावर पडायचा.

खटका आठवतोय ना? हँडलजवळचा तो छोटा लिव्हर दाबला की खालचा अर्धा नट स्क्रूवरून सुटतो आणि जबडा न फिरवता सरळ पुढं ओढता येतो. त्याचे आटे चौकोनी नाहीत, करवतीच्या दातासारखे, एक बाजू सरळ आणि एक उतरती. दाब सरळ बाजूवर येतो, म्हणून अर्धा नट असूनही धरून ठेवतो. त्यात तुझं बोट सापडलं होतं आणि तू आईला सांगितलंस, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात अडकलं. मे महिन्यात! काकू म्हणाल्या, "सिद्धेश्वराचा गड्डा संक्रांतीला असतो रे बाळा." अजून हसू येतं. खटका सुटला, सुन्या. स्प्रिंग मेली होती, नवी घातली. ओढला की तोच आवाज येतो.

आता मूळ मुद्दा. पुढच्या सरकत्या जबड्यावरचा करडा ऑइलपेंट खरवडत होतो. त्याखाली हिरवा, हिरव्याखाली लांबी, खड्डे बुजवायची पुट्टी. लांबी निघाली आणि आत पिवळी रेघ दिसली. जबडा जिथं खालच्या दांड्यावर उभा राहतो, तिथं, आतल्या कोपऱ्यातून निघून दोन्ही अंगांनी बाहेर आलेली, करंगळीएवढी रुंद. पितळ! ब्रशनं घासली तशी चकाकायला लागली. मी तिथंच उकिडवा बसलो.

अप्पांनी मला सांगितलं होतं, पुण्याहून दुसरा जबडा आणून बसवला. तू तेव्हा निघून गेला होतास. दुसरा जबडा कधी आलाच नव्हता. तोच होता, पितळ भरून जोडलेला.

१९८९ चा मे. तू पाच पौंडी घणानं पट्टी वाकवत होतास, तेवढ्यात जबडा मान टाकल्यासारखा पुढं कलंडला. अप्पा आले. तुला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." तू माझ्याकडे बघितलंस. मी फरशीकडे. त्याच सकाळी, तू यायच्या आधी, पुलीत बुश बसत नव्हता म्हणून मी हँडलवर चार फुटी पाइप घालून व्हाइस पिळला होता. फूटभर हँडलचा जोर चौपट झाला. 'टक्' असा बारीक आवाज आला. मी पाइप काढला, जागेवर ठेवला आणि चहा सांगायला गेलो.

पाइप घातला होता हे मला माहीत होतं. तडा त्यानंच गेला हे माहीत नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. छत्तीस वर्षं. आता ते म्हणायची सोय राहिली नाही, कारण रेघच बोलते. व्हाइस आवळला की जबडे बाहेरच्या बाजूला वाकू बघतात, म्हणजे ताण आतल्या कोपऱ्यावर येतो. बीड दाब कितीही सोसतं, ताण सोसत नाही. घणाच्या घावानं फुटलं असतं तर वरची कड उडाली असती, आणि तू तर मारत होतास मागच्या, पक्क्या जबड्यावर, अप्पांनी शिकवलं तसंच. कड अजून शाबूत आहे. तडा आतून निघालाय. पिळूनच.

तरी मन मानेना. शेवटी चंद्रय्यामामांकडे गेलो. ते आता मुलाकडे असतात, विडी घरकुलात. ऐकायला कमी येतं, नजर चांगली आहे. मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. बोटानं रेघेवरून हात फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हे माझंच काम की." मग सगळं सांगितलं. तड्याच्या दोन्ही अंगांना घासून व्ही काढला, सबंध जबडा कोळशाच्या भट्टीत लाल केला, टाकणखार लावून पितळेची काडी उतरवली आणि राखेत गाडून ठेवला दोन रात्री, कारण बीड भसकन थंड झालं की दुसरीकडे तडकतं. अप्पा पूर्ण वेळ शेजारी बसून होते.

मी विचारलं, कशानं फुटला होता?

"आतून फाटला होता बघ. मारून फुटतं ते वेगळं, पिळून फुटतं ते वेगळं. सांगितलं मी अप्पाला."

"मग अप्पा काय म्हणाले?"

"काही नाही. भाता मारत बसला."

म्हणजे त्यांना माहीत होतं, सुन्या. शॉपमध्ये तू आणि मी दोघंच होतो. तू नाही म्हटल्यावर कोण, हे कळायला त्यांना कितीसा वेळ लागला असेल? पुढं पंधरा वर्षं मी रोज त्यांच्याशेजारी उभा राहून काम केलं, त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. आणि तुझ्या लग्नात स्वतःची मापं घ्यायची मिटुटोयो व्हर्नियर तुला दिली. मला नाही, तुला. त्यावरून मी किती दिवस तोंड फुगवून होतो, घरात कुणाशी धड बोललो नाही. ती का दिली ते आता कळतंय.

कोजागिरीला तुळजापूरला चालत निघालो होतो, तामलवाडीच्या पुढं तू सरळ विचारलंस, "दिग्या, पाइप घातला होतास ना?" मी भर रस्त्यात तुझ्यावर ओरडलो. नंतर तुळजापूर येईपर्यंत तू रस्त्याच्या त्या कडेनं आणि मी ह्या. दर्शनाच्या रांगेत मध्ये एक म्हातारी उभी केली होती आपण, आठवतं? तेव्हा ओरडलो कारण तुझं बरोबर होतं. पाइप मी घातला होता. तू तोडला नाहीस.

तू म्हणशील, बरंच झालं, त्यामुळे आयटीआयला गेलो, पुण्याला लागलो, नाहीतर तुझ्यासारखा मागाच्या धोट्याच्या टोप्या ठोकत बसलो असतो. ते तू म्हण. मी म्हणायचं नाही.

आता ह्या व्हाइसचं काय करायचं, ह्यात महिना गेला. पुण्यातला एक जण जुनी इंग्लिश हत्यारं जमवतो, फोटो बघून बावीस हजार म्हणाला. त्याला पितळेची रेघ दाखवली तर नऊवर आला, वर म्हणतो, रंग मारा, कुणाला कळतंय? मला ते झोंबलं. तीच लबाडी पुन्हा करायची? आयटीआयतले एक सर न्यायला तयार आहेत. पण तिथं दर वर्षी नवी पोरं, आणि सतरा वर्षांच्या पोराच्या हाताला पाइप सापडतोच, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे. घरात ठेवावा, तर कामाचं हत्यार शोभेला ठेवणं अप्पांना आवडलं नसतं.

तो काम करू शकतो का, हे आधी बघितलं. जबड्याला रॉकेल चोपडलं, तासाभरानं कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड शिंपडली. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूत उमटतं. बॅटरी मारून इंच इंच बघितला. रेघेच्या दोन्ही कडांना खडू पांढराशुभ्र, कुठं ओल नाही. मग हातानं आवळून दोन दिवस तसाच ठेवला आणि पुन्हा तपासला. चंद्रय्यामामांचा जोड पक्का आहे. हाताचा जोर तो आरामात घेईल. पाइपचा घ्यायला लावायचा नाही.

विकत नाही. हे लिहिता लिहिताच ठरलं. मल्लूच्या शेडमध्ये, दाराशेजारी, उजेडात बसवतोय. हिरवा रंग मारलाय, रेघ तेवढी उघडी ठेवली आहे, तिच्यावर नुसतं तेल. जो विचारेल त्याला सांगणार, कुणी तोडला आणि कुणी जोडला. पण पहिला हक्क तुझा. मार्चमध्ये रिटायर झाल्यावर तुला पुण्यातच हवा असेल तर ट्रान्सपोर्टनं लावून देतो, चौथ्या मजल्यावर कसा चढवायचा ते तू बघ. आणि इकडं येऊन छोटं शॉप टाकायचं जे तू दर दिवाळीला म्हणतोस, ते खरं असेल तर मल्लूच्या शेडमध्ये अर्धी जागा मोकळी आहे.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. पिंकीच्या लग्नाची तारीख निघाली की लगेच कळव, ह्या वेळी येतो म्हणजे येतोच. सोबत शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा पुडा पाठवतोय, चटणी सगळी एकटा संपवू नकोस.

एक काम आहे. जुनं हँडल माझ्या पाइपनंच वाकलं होतं, ते सरळ केलेलं मला परत बसवायचं नाही. नवं तू तुझ्या लेथवर काढ. ईएन-आठ पोलादाचा जाड बार घे, दांडा वळून व्यास २२ मिलिमीटर. भोक मी बोअर गेजनं मोजलंय, २२.६ भरतं. लांबी ३०० ठेव, त्याहून जास्त नको. एका टोकाला गोळा बारमध्येच वळव, दुसरा आटे पाडून वेगळा दे, म्हणजे भोकातून घालून इथं बसवता येईल. मोजताना अप्पांची व्हर्नियर घे. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांबरोबर त्याचीही पूजा करणार आहे, तोवर हँडलची जागा रिकामीच ठेवतो. पार्सल करू नकोस, स्वतः घेऊन ये.

तुझा,
दिग्या