जुन्या टॅटूवर नुसता काळा ठोकळा नको

संपादक महोदय,

जत्रेत किंवा फुटपाथवर गोंदवून घेतलेलं नाव नकोसं झालं, की बरेच जण त्यावर काळा ठोकळा मारून मोकळे होतात. तसं करू नका. फिका रंग दिला तरी जुनी रेघ डोकावतेच. त्यामुळे झाकणारं चित्र जुन्यापेक्षा गडद आणि साधारण २-३ पट मोठं लागतं. पानं, पिसं, खवले असं दाट काम नेमकं जुन्या रेषांवर यायला हवं. सुई खोल गेल्याने कडेला शाई धुरासारखी निळसर पसरली असेल, तर तो भागही मापात धरा. बोट फिरवून पाहा: रेघ उंच लागली तर तो व्रण आहे, शाईने तो लपत नाही.

टॅटू फारच गडद असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे लेसरच्या २-३ बैठका घेऊन फिका करून घ्या. सावळ्या त्वचेवरच्या काळ्या शाईसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित. दोन बैठकांमध्ये ६ ते ८ आठवडे जाऊ द्या, नव्या सुईआधीही किमान तेवढेच. हिरवा रंग मात्र चिवट. आणि कळकळीची विनंती, टॅटू घालवणारं ॲसिड लावू नका. कातडी भाजते, व्रण कायमचा राहतो.

– एक टॅटू कलाकार, दादर, मुंबई