मित्रास पत्र: तीस वर्षं हा करार वाचणार कोण?

प्रिय बंडू,

स. न. वि. वि.

मधे बरेच दिवस गेले, पण आज लिहिल्यावाचून राहवत नाही. नव्या रुग्णालयाच्या पीपीपी, म्हणजे सरकार आणि खाजगी कंपनीच्या भागीदारीच्या, कराराचा मसुदा अखेर माझ्या टेबलावर आला, जोडपत्रांसकट. तांत्रिक अभिप्राय द्यायचा आणि खाली सही करायची. घरी कुणाला सांगून उपयोग नाही, कचेरीत कुणापाशी बोलायची सोय नाही. आधीच सांगून ठेवतो, बोलीदारांच्या यादीत तुझी कंपनी नाही. ते बघितल्याशिवाय मी पेन उचललं नसतं.

तब्येत ठीक. साखर आटोक्यात, गुडघा आहे तिथंच आहे.

मसुदा वाईट असता तर चार ओळी खरडून परत पाठवला असता. तसा तो नाही. जमीन सरकारची. इमारत आणि यंत्रसामग्री कंपनी उभी करणार आणि तीस वर्षं सांभाळणार. डॉक्टर, सिस्टर सरकारचे. मुदत संपली की सगळं चालू स्थितीत परत. कंपनीला दरमहा उपलब्धता शुल्क. खाट भरो वा रिकामी राहो, खोली वापरण्याजोगी असेल तर पैसे, नसेल तर कपात. ही कल्पना मला मनापासून पटते, आणि का पटते ते तुला ठाऊक आहे. आपण दोघं नोकरीला होतो त्या सरकारी रुग्णालयातली लिफ्ट!

काय छळलं रे त्या लिफ्टनं! एका सुट्या भागाला मंजुरी हवी, मंजुरीला तीन दरपत्रकं हवीत, आणि फाईल वर पोचेपर्यंत दरपत्रकांचीच मुदत संपायची. तोवर स्ट्रेचर जिन्यावरून. त्या म्हातारीला तू आणि वॉर्डबॉयनं तिसऱ्या मजल्यावर चढवलंत, मी सलाइन उंच धरून मागे. वर पोचल्यावर धापा टाकत म्हणालास, "ज्यानं ही बसवली त्याचं महिन्याचं बिल हिच्या चालण्यावर असतं ना, तर बघितलं असतं कशी बंद पडते!" तुझा राजीनामा मला त्याच दिवशी दिसला होता.

तो मुद्दा मी तेव्हाही मान्य केला होता, आजही करतो. नेहमीच्या सरकारी बांधकामात दोषदायित्व कालावधी, म्हणजे निघालेले दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला की ठेकेदार मोकळा. तीस वर्षं स्वतःलाच निस्तरायचं असेल तर तो गॅस पाइपलाइनचे व्हॉल्व्ह हाताला येतील असे बसवतो, ओटीच्या छतावर माणूस वाकून तरी जाईल एवढी जागा ठेवतो, चिलर निवडताना पुढच्या वीजबिलाचाही हिशेब करतो. आपलं भांडण याच्या पुढचं होतं. तू म्हणायचास, करार पक्का असला की माणसाची गरज नाही. मी म्हणायचो, करार राबवायला माणूसच लागतो. सरांच्या निरोप समारंभात तू सगळ्यांसमोर आम्हाला फाईलवाले म्हणालास, तो राग मी पुष्कळ दिवस धरला होता. आता तोच वाद मसुदा होऊन पुढ्यात आलाय.

कपातीचं सूत्र वाच, खूश होशील. प्रत्येक खोलीला गुणांक, आयसीयूला सगळ्यात जास्त, भांडाराला कमी. त्याला बिघाडाच्या तासांनी गुणायचं. तापमान किती ते किती, ओटीत हवा ताशी किती वेळा बदलली पाहिजे, सगळं लिहिलंय. पण घड्याळ सुरू कधी होतं? तक्रार मदतकक्षात नोंदवली जाईल तेव्हा. आणि मदतकक्ष कंपनीचा! रात्री दोनला आयसीयूतली सिस्टर फोन करते, एसी बंद पडलाय. पलीकडचा म्हणतो, बघतो. ती एका रुग्णाची सक्शन करतेय, दुसऱ्याचा मॉनिटर ओरडतोय, नोंद झाली का हे विचारायला तिनं पुन्हा फोन करायचा का? पहाटे एसी दुरुस्त होतो आणि मग नोंद पडते. रात्रभराचा बिघाड कागदावर दहा मिनिटांचा. महिन्याचा कामगिरी अहवाल कंपनीच तयार करणार, त्यावरून बिलही तीच मांडणार. सरकारतर्फे तो तपासणार ‘प्राधिकृत अधिकारी’. त्याचं पद कुठलं, हाताखाली कोण, पगार कुठल्या लेखाशीर्षातून, काही नाही. समोर कंपनीचा करार व्यवस्थापक, वकील, लेखापाल, कर्ज देणाऱ्या बँकांचा अभियंता. आपल्या बाजूचा अधिकारी जोडपत्रं वाचून होईपर्यंत बदलून गेलेला असेल.

बंडू, मला झोप लागत नाही ती यामुळे. सही करणारे सगळे निवृत्त होतील आणि करार निम्मासुद्धा झालेला नसेल.

आता म्हणशील, काढ तुझं ब्रिटन. काढतोच. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं जानेवारी 2018 मध्ये हिशेब मांडला: अशा खाजगी भागीदारीचे 700 हून जास्त चालू करार, भांडवली किंमत सुमारे 60 अब्ज पौंड आणि 2040 च्या दशकापर्यंत द्यायचे 199 अब्ज. त्यात देखभाल आणि इतर सेवाही धरल्यात, हे तू कॅल्क्युलेटर काढायच्या आधी मीच सांगतो. पण त्याच महिन्यात कॅरिलियन ही बांधकाम कंपनी बुडाली, आणि लिव्हरपूलचं नवं रॉयल रुग्णालय अर्धवट उभं राहिलं. तुळयांना भेगा होत्या. 2017 ला उघडायचं ते 2022 ला उघडलं, आणि पुरं केलं सरकारी पैशानं. बांधकामाची जोखीम कंपनीकडे, असं करारात लिहिलेलं असतं. कंपनीच उरली नाही तर ती जोखीम कुणाच्या अंगावर पडते? रुग्ण तर तेच, तिथंच.

त्याहून जास्त मला आफ्रिकेतला लेसोथो छळतो. तिथं राजधानी मासेरूमध्ये 2011 ला क्वीन ममोहातो रुग्णालय उघडलं. 425 खाटा, 18 वर्षांचा करार, सल्लागार जागतिक बँक गटाची आयएफसी. जुन्या रुग्णालयाच्या मानानं मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं, अभ्यासात तशी नोंद आहे, आणि ते वाचून मला आनंदच झाला. पण वार्षिक शुल्कात वर्षाला 20,000 आंतररुग्ण आणि 3,10,000 बाह्यरुग्ण धरलेले. त्यावरच्या रुग्णांचे पैसे वेगळे. अरे, जिथं माणसं वाचतात तिथं माणसं येणारच! ती आली. मग जादा बिलं, देण्यांचे वाद, पगारावरून परिचारिकांचा संप, आणि 2021 मध्ये मुदतीआधीच करार संपुष्टात. आमच्या मसुद्यातला रुग्णसंख्येचा अंदाज सल्लागारानं जुन्या रुग्णालयाच्या नोंदींवरून बांधलाय. म्हणजे जिथं लोक नाइलाजानं जात होते, तिथल्या गर्दीवरून!

दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलोचं तुला वेगळं सांगायला नको. जमीन सरकारची, भागभांडवलात 26 टक्के सरकारचे, बदल्यात एक तृतीयांश खाटा गरिबांना मोफत. रुग्णालय 1996 मध्ये सुरू झालं. मोफत खाटेवरच्या माणसाची औषधं, सिरिंज, हातमोजे कुणाच्या खर्चानं, या वादावर उच्च न्यायालयाचा निकाल यायला 2009 साल उजाडलं, आणि तिथूनही तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ही तेरा वर्षं त्या खाटांवर कोण निजलं असेल, मी हाच विचार करत राहतो. भागीदार म्हणून सरकार आत बसलेलं असूनही ही गत.

तुझ्या बाजूचंही एक सांगतो, कारण ते मला खरंच आवडलं. स्पेनमध्ये अल्झिरा गावी 1999 पासून रुग्णालय चालवणाऱ्या कंपनीला परिसरातल्या माणशी ठरावीक रक्कम मिळायची, आणि तिथला माणूस दुसऱ्या रुग्णालयात गेला तर त्याचा खर्च कंपनीच्या माथी. लोकांना धरून ठेवायचं तर उपचार नीट करावे लागणार, हे पैशातच गुंफलेलं. पण पहिला करार 2003 मध्येच गुंडाळून जास्त रकमेचा नवा करावा लागला, आणि 2018 मध्ये रुग्णालय सरकारनं परत घेतलं. सूत्र चांगलं असलं तरी पहिल्याच घासाला आकडे बदलतात, मग आपल्या बाजूनं वाटाघाटीला बसणारा तयारीचा माणूस नको?

अभिप्राय मी लिहायला घेतलाय. करार संपेपर्यंत टिकणारा स्वतंत्र करार कक्ष, त्याचा खर्च प्रकल्पाच्या खर्चातच धरलेला. दोन अभियंते, एक लेखापाल, एक वकील, आणि वॉर्डात काम केलेली एक सिस्टर. हो, सिस्टर, कुठली खोली खरंच वापरण्याजोगी आहे हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही. घड्याळ मदतकक्षावर नाही, इमारतीच्या सेन्सरवर सुरू व्हावं, आणि त्या नोंदी त्याच क्षणी सरकारच्या सर्व्हरवर पडाव्यात. अंदाजापेक्षा रुग्ण वाढले तर जादा रुग्णांमागचा दर टप्प्याटप्प्यानं उतरावा, चढू नये. कक्ष उभा राहिल्याशिवाय करार लागू होऊ नये, ही पूर्वअट. वरचे लोक म्हणतील, पदनिर्मिती होणार नाही, निविदा लांबेल, तुम्ही फक्त तांत्रिक बोला. बोलू देत. एवढं लेखी गेल्याशिवाय मी सही करणार नाही.

आता तू मला एक सांग, आणि टोलवाटोलवी करू नकोस. आमचं गणित तू पलीकडून बघितलंयस. सेन्सरची अट दिसली की बोलीदार पळतात, की दर वाढवतात? वाढवतात तर किती टक्के? आणि समोर सरकारचा कक्ष भक्कम आहे असं कळलं की तुमचे लोक आतून जरा सुखावतात का? मला वाटतं, चांगली कंपनी सुखावत असणार. प्रामाणिक बोली लावणाऱ्याला पोकळ बोलीवाल्यासमोर हरायचा कंटाळा येत असेलच की. हे तुझ्या तोंडून हवंय.

वहिनींचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं ताईकडून कळलं, फार बरं वाटलं. त्यांना म्हणावं, आता बंडूला भाजी आणायला पाठवत जा, हिंडेल तरी. धाकट्याच्या नोकरीचं अभिनंदन. जागा बदलणार होतास त्याचं काय झालं? नवा पत्ता आधी कळव.

अभिप्राय पुढच्या आठवड्यात जायचाय. फोन रात्री कर, दिवसा समोर माणसं बसलेली असतात. टक्क्यांचं मात्र लिहूनच पाठव, बैठकीत तुझं नाव न घेता मांडेन.

तुझा,
अण्णा